प्रतिकारशक्ती कमी, तर वेळही कमी

जलदान विधीला जमलेली माणसे घरच्यांना विचारतात, "नेमकं झालं काय होतं?" उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत संपते. "शुगर होती, पायाला लागलं आणि सगळ्या अंगात पसरलं." "किमो चालू होती, ताप आला आणि दोन दिवसांत गेले." "न्यूमोनिया झाला." "किडनी बंद पडली." आजारांची नावे वेगवेगळी असतात, पण यांतल्या कित्येक मृत्यूंच्या मुळाशी एकच गोष्ट असते. तिला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. आपल्या बोलीत 'विष अंगात भिनले' असे म्हणतात ते पुष्कळदा हेच.

सेप्सिस हा दुर्मिळ आजार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आलेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख लोक दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांनी सेप्सिसकडे लक्ष द्यावे, असा ठराव केला. तरीही वस्तीत दहा घरी विचारले तर डेंग्यू सगळ्यांना माहीत असतो, सेप्सिस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. म्हणून या वेळी आम्ही आरोग्याचे हे पान त्यालाच दिले आहे. त्यातही आम्ही बोलणार आहोत ते ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी झाली आहे, अशा आपल्या माणसांबद्दल.

शरीरात होते काय?

जखमेतून, फुप्फुसातून, लघवीच्या मार्गातून किंवा पोटातून जंतू शरीरात शिरतात. शरीर त्यांच्याशी लढते. ताप येतो, जखम लाल होते, पू होतो, ही त्या लढाईची चिन्हे. बहुतेक वेळा जंतू हरतात. पण काही वेळा ही लढाई हाताबाहेर जाते. शरीराने जंतूंविरुद्ध उठवलेली आग स्वतःच्याच अवयवांना भाजू लागते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, रक्तात बारीक गुठळ्या होतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत यांना पुरेसे रक्त आणि प्राणवायू मिळत नाही. संसर्गामुळे अवयव असे कोलमडू लागले की त्याला सेप्सिस म्हणतात. सलाईन देऊनही रक्तदाब सावरत नसेल, तो टिकवायला औषधाचा पंप लावावा लागत असेल, तर तो सेप्टिक शॉक. तिथून माणूस परत आणणे अवघड असते.

हे सगळे काही तासांत घडू शकते. सकाळी "जरा अंग दुखतंय" म्हणणारा माणूस संध्याकाळी घरच्यांना ओळखेनासा होतो.

आपल्या घरात धोका कुणाला?

प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे कुठेतरी दूर मोठ्या दवाखान्यात असतात, असे समजू नका. ती आपल्याच घरात आहेत.

पहिली, मधुमेहाची माणसे. साखर सतत वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. पायांच्या नसा बधिर होतात, म्हणून लागलेले कळत नाही. रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून लागलेले भरत नाही. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या फडात कोयता चालवणारे, मोळ्या वाहणारे, पाचट गोळा करणारे हात-पाय रोज कापतात, सोलतात. उसाच्या बुडख्याने तळव्याला भोक पडते. धडधाकट माणसाची ती जखम आठवड्यात भरते. शुगरच्या माणसाची तीच जखम आतून हाडापर्यंत जाते आणि तिथून जंतू रक्तात उतरतात. मधुमेह लपवण्यासारखा आजार नाही. बाबासाहेबांनाही अनेक वर्षे मधुमेहाने छळले होते.

दुसरी, एचआयव्हीसह जगणारी माणसे. देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव वरचे आहे आणि सांगली जिल्ह्याने ही साथ फार जवळून पाहिली आहे. औषध नियमित घेणाऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती पुष्कळ सावरते. पण औषध सुटले आणि सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की न्यूमोनियाचे जंतू, साल्मोनेलासारखे पोटातले जंतू आणि क्षयाचे जंतू रक्तापर्यंत पोहोचतात.

तिसरी, कर्करोगावर किमो घेणारी. किमोचे औषध कर्करोगाच्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही मारते. साधारणपणे डोस झाल्यावर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्या सर्वांत कमी असतात. नेमका याच दिवसांत माणूस घरी असतो.

चौथी, स्टेरॉइड घेणारी. दमा, संधिवात, त्वचेचे काही आजार यांत डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि ते गरजेचेही असते. पण बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या 'सांधेदुखीच्या पुड्या' घेणारेही पुष्कळ आहेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत अनेकदा दिसून आले आहे. म्हातारी माणसे वर्षानुवर्षे त्या घेतात आणि आपण स्टेरॉइड घेतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होते, ते म्युकरमायकोसिसच्या रूपाने आपण पाहिलेच आहे. तो बुरशीचा आजार होता, पण दार उघडे राहिले ते याच कारणाने.

याशिवाय डायलिसिसवर असलेले, दारूने यकृत खराब झालेले, मूत्रपिंड बदललेले, प्लीहा काढून टाकलेले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, नुकत्याच बाळंत झालेल्या बायका आणि नवजात बाळे, विशेषतः कमी वजनाची. विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांत सिकलसेलचे रुग्ण असतील, तर त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. त्यांच्या लेकरांचा ताप कधीच साधा समजू नये.

लक्षणे इथे हळू आवाजात बोलतात

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. ताप, सूज, पू हे सगळे प्रतिकारशक्तीचे काम आहे. ती शक्तीच कमी असेल तर ही चिन्हेही कमी दिसतात. स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप चढत नाही. किमोच्या रुग्णाच्या जखमेत पू होत नाही, कारण पू बनवायला लागणाऱ्या पेशीच नसतात. शुगरच्या माणसाला पाय सडत असताना दुखत नाही. वृद्धांचे अंग कधी कधी गरम होण्याऐवजी गार पडते. "ताप तर नाही, मग कशाला न्यायचं?" असे म्हणून घरचे थांबतात आणि तिथेच वेळ जातो.

म्हणून ताप पाहाच, पण तापावरच थांबू नका. पुढच्या गोष्टी बघा.

माणूस असंबद्ध बोलतो आहे का? वार, ठिकाण, घरची माणसे विसरतो आहे का? नेहमीपेक्षा जास्त झोपाळलेला आहे का?

श्वास भराभर चालला आहे का? घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त असेल तर ते धोक्याचे.

सकाळपासून लघवी झाली आहे का? आठ-दहा तास लघवी नाही किंवा अगदी थोडी आणि गडद झाली, तर मूत्रपिंडे अडचणीत आहेत.

हात-पाय गार, ओठ-नखे निळसर किंवा काळपट झाली आहेत का? अंगावर चट्टे उठले आहेत का? सावळ्या अंगावर रंग कळत नाही, तेव्हा तळहात, ओठांची आतली बाजू आणि जीभ बघा.

हुडहुडी भरून दात वाजताहेत का? कधी नव्हे एवढे अंग दुखते आहे का? "मी आता राहत नाही" असे माणूस स्वतःच म्हणतो आहे का? हे बोलणे भीतीचे समजून उडवून लावू नका. सेप्सिसमधून वाचलेल्या अनेकांनी नंतर हेच सांगितले आहे.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, नाहीतर ९६.८ च्या खाली, ही दोन्ही टोके वाईट. थर्मामीटर लावण्याआधी तापाची गोळी देऊ नका, नाहीतर खरा आकडा कळत नाही. किमो घेणाऱ्याला १००.४ ताप आला तर दुसरे कोणतेही लक्षण पाहायचे नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे.

नवजात बाळाची चिन्हे वेगळी. नीट अंगावर पिणारे बाळ पिणे सोडते, रडणे क्षीण होते, हात-पाय ढिले पडतात, अंग गार लागते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीतून पू येतो. यातले एक जरी दिसले तरी थांबू नका.

ओळख घरातच होते

हे ओळखायला डॉक्टरच लागतो, असे वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायका तयार केल्या. नवजात बाळाच्या घरी जाऊन सेप्सिसची चिन्हे बघायची, आणि गरज पडली तर घरच्यांच्या संमतीने तिथेच जंतुनाशक औषध व इंजेक्शन द्यायचे, हे त्या शिकल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासतात, ती देशभरची पद्धत घडण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

याचा अर्थ आपण घरी इंजेक्शने द्यावीत असा नाही. त्या बायकांना त्यासाठी शिकवले होते, त्यांच्या कामावर देखरेख होती. अर्थ एवढाच की चिन्हे ओळखणे हे लिहिता-वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्ही माणसांना जमते. आजारी माणसाजवळ रात्रभर बसणारी सून, मुलगी, शेजारीण यांच्याच डोळ्यांना पहिला फरक दिसतो. "आज सासरे बरोबर वाटत नाहीत," असे ती म्हणते, तेव्हा तिचे ऐकले पाहिजे.

लपवलेला आजार तास खातो

आता अवघड विषयाकडे येतो. सेप्सिसच्या रुग्णाला दवाखान्यात नेले, तरी पुष्कळदा डॉक्टरला अर्धीच गोष्ट सांगितली जाते. एचआयव्हीचे औषध चालू आहे, हे लपवले जाते. दारू लपवली जाते. क्षयाचे औषध मध्येच सोडले, हे लपवले जाते. पुडी घेतो हे सांगायची लाज वाटते. डॉक्टर मग साध्या तापाचा विचार करतो, साध्या तापाचे औषध देतो आणि रुग्णाला घरी पाठवतो. कोणत्या जंतूंचा संशय घ्यायचा, कोणते जंतुनाशक द्यायचे, दाखल करून घ्यायचे की नाही, हे सगळे त्या लपवलेल्या एका वाक्यावर अवलंबून असते.

लोक लपवतात, त्याला कारण आहे. शिवाशिवीचा अनुभव अंगावर असलेल्या समाजाला नवी शिवाशिव ओळखायला शिकवावे लागत नाही. एचआयव्हीच्या माणसाचा पेला वेगळा ठेवणे, त्याच्या घरचे पाणी न पिणे, त्याच्या लेकराला अंगणातून हाकलणे, ही शिवाशिवच आहे. ती आपल्यावर झाली तेव्हा आपण चवदार तळ्यावर गेलो. मग ती आपल्याच वस्तीत, आपल्याच भावा-बहिणीवर चालू कशी द्यायची? एचआयव्ही पेल्याने, हाताने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

सांगलीनेच यातला मार्ग दाखवला आहे. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून सांगलीत देहविक्री करणाऱ्या महिलांसोबत काम करते आहे. ज्यांना समाजाने सर्वांत खालची जागा दिली, त्या बायकाच एकमेकींना माहिती देऊ लागल्या, निरोध वाटू लागल्या, तपासणीला आणि दवाखान्यात सोबत जाऊ लागल्या. त्यातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. बाहेरून कुणी येऊन उपदेश करण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

कायदाही आज बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे किंवा भेदभाव करणे या कायद्याने मना आहे. रुग्णाची ही माहिती डॉक्टरने गुप्त ठेवायची असते. सांगायचे की नाही, हा रुग्णाचा अधिकार आहे, जबरदस्ती कुणी करू शकत नाही. पण आमचे सांगणे असे की चारचौघांत सांगू नका, नातेवाइकांना बाहेर पाठवा, हवे तर कागदावर लिहून द्या. डॉक्टरला मात्र सांगा. एचआयव्हीविषयी काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे.

विनयपिटकातला एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता, त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी पाणी ओतले आणि आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. त्या निमित्ताने रुग्ण कसा असावा आणि शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही बुद्धांनी सांगितले. रुग्णाच्या गुणांत एक गुण असा की त्याने आपला आजार आहे तसा सांगावा. वाढला असेल तर वाढला, उतरला असेल तर उतरला. शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत एक असा की त्याने मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस करू नये. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. किळस करणारी माणसे भोवती असतील, तर आजारी माणूस खरे सांगणार कसा?

निघायचे कुठे आणि बोलायचे काय?

सेप्टिक शॉकमध्ये योग्य जंतुनाशक सुरू व्हायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जीव वाचण्याची शक्यता सुमारे सात-आठ टक्क्यांनी कमी करतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. आता हा हिशोब आपल्या रस्त्यांवर मांडून बघा. जत, आटपाडी, माण, खटावच्या गावांतून किंवा पाटण, जावळीच्या वाड्यांतून मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच तास-दोन तास लागतात. त्यात गावातल्या दवाखान्यात एक सलाईन, मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या आणि "सकाळी बघू" यांत रात्र घालवली, तर हातात काय उरणार?

१०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. अतिदक्षता विभाग आणि रक्ततपासणीची सोय असेल अशाच ठिकाणी जा. सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, साताऱ्याचे सिव्हिल, कराडचे कृष्णा रुग्णालय ही नावे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारले तेव्हापासून लांबलांबून, कर्नाटकातूनही रुग्ण उपचाराला येत आले आहेत. आपण तर शेजारी राहतो.

दारात पोहोचल्यावर पहिले वाक्य असे असावे: "डॉक्टर, यांची प्रतिकारशक्ती कमी आहे. यांना शुगर आहे." (किंवा किमो चालू आहे, डायलिसिस चालू आहे, स्टेरॉइड चालू आहे, जे असेल ते.) "काल रात्रीपासून असं होतंय. सेप्सिस असू शकेल का, ते आधी बघा." हे म्हणण्यात उद्धटपणा नाही. गर्दीच्या वेळी कोणाला आधी बघायचे, हे ठरवायला डॉक्टरांना आणि सिस्टरांना त्याची मदतच होते.

तिथे काय होते, हेही माहीत असावे म्हणजे घाबरायला होत नाही. रक्तदाब, नाडी, श्वास, प्राणवायू मोजतात. जंतू कोणता ते शोधण्यासाठी रक्ताचे कल्चर पाठवतात. ते जंतुनाशक देण्याआधी घेतलेले चांगले. पण त्यासाठी औषध लांबवत नाहीत. शिरेतून जंतुनाशक आणि सलाईन सुरू होते. लघवी मोजण्यासाठी नळी घालतात. पू असेल तिथे चिरा देऊन काढतात, सडलेला भाग कापावा लागतो. पायाचे बोट काढायचे म्हटले की घरचे नकार देऊन रुग्णाला उचलून नेतात. अशा वेळी बोटाकडे बघायचे की माणसाकडे, हे डॉक्टरशी शांतपणे बोलून ठरवा. देवऋषी, अंगारा, गंडादोरा यांच्यासाठी तर एक मिनिटही देऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे वेगळे सांगायला नको, पण घाबरलेले घर कधी कधी तिकडेही वळते.

पैशाच्या भीतीने उशीर करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची तरतूद आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यांना विचारा, हा उपचार योजनेत बसतो का ते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. आणीबाणीतल्या रुग्णाचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

तिथपर्यंत वेळच येऊ नये म्हणून

शुगरच्या माणसाने रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह बघावे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला बघायला सांगावे. अनवाणी फिरू नये, शेतात तर नाहीच. जखमेवर माती, राख, तंबाखू, चुना लावू नये. स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे फडके बांधावे आणि दोन दिवसांत सुधारणा नसेल तर दाखवावे.

कृष्णाकाठच्या वस्त्यांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर पाहिला आहे. पाणी ओसरल्यावर घर धुणारे आपणच असतो. त्या चिखलात मैला असतो, मेलेली जनावरे असतात, उंदराच्या मुतातले लेप्टोचे जंतू असतात. शुगर, एचआयव्ही, किमो, डायलिसिसच्या माणसांना त्या कामाला लावू नका. बाकीच्यांनीही गमबूट घालावेत, ते नसतील तर जखमा झाकाव्यात, आणि ताप आला की "पुराच्या पाण्यात काम केलं होतं" हे डॉक्टरला सांगावे.

एचआयव्हीचे औषध एक दिवसही चुकवू नये. १ एप्रिल २००४ पासून सरकार ते मोफत देते आणि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत एआरटी केंद्रे आहेत. डॉक्टरने दिलेले स्टेरॉइड मनाने सोडू नये. एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेत असाल तर तीही डॉक्टरला दाखवून मगच कमी करा. आजारात इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. न्यूमोनिया आणि फ्लूची लस आपल्याला चालेल का, हे आपल्या डॉक्टरला विचारावे. जंतुनाशक औषध मेडिकलमधून मागून घेऊ नये आणि डॉक्टरने दिलेले अर्ध्यावर सोडू नये. असे केल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढच्या वेळी, जीवावर बेतते तेव्हा, तेच औषध कुचकामी ठरते.

सेप्सिसमधून माणूस घरी आला म्हणजे सगळे संपले असेही नाही. कित्येक महिने थकवा, विसरभोळेपणा, झोप न लागणे, पायात जोर नसणे असे राहते. "आता बरा झालाय, कामाला जा," असा तगादा लावू नये. पुन्हा संसर्ग होण्याचा धोकाही या काळात जास्त असतो.

विहारात एवढे करता येईल

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन. तो वर्षावासातच येतो. त्या दिवसांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या वाचनाला आपण विहारात जमतोच. त्या एका संध्याकाळी वाचनानंतर अर्धा तास या विषयाला द्यावा, अशी आमची सर्व मंडळांना विनंती आहे. आशाताईंना बोलवा. श्वास कसा मोजायचा, थर्मामीटर कसा वाचायचा, ते सगळ्यांसमोर करून दाखवा. करोनात घेतलेले ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत पडून आहेत. त्यांतले दोन विहारात ठेवा. रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन-तीन तरुणांचे फोन नंबर फळ्यावर लिहा.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी आजच एक चिठ्ठी लिहून ठेवावी. तिच्यात नाव, वय, आजार, चालू औषधे, किमोची किंवा डायलिसिसची शेवटची तारीख, कोणते औषध सोसत नाही आणि घरच्या दोघांचे फोन नंबर असावेत. ही चिठ्ठी रेशन कार्डासोबत एका पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे, ते घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा. घाईच्या रात्री धडधाकट माणसालाही शब्द सुचत नाहीत. लिहिलेला कागद मात्र तेव्हाही बरोबर बोलतो.